बसल्याशिवाय माप नाही

सोलापूर
५ जानेवारी २०२५

आत्या,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार असं सगळं नीट लिहीत बसले तर सासूबाई बाहेरून येतील, म्हणून इथूनच वाकून पाया पडते. फोन करत नाही, कारण तुला कमी ऐकू येतं. तू 'काय? काय?' करत राहतेस आणि मी ओरडले की खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सगळं कळतं. नवनाथ जीप घेऊन रोज येतोच. सकाळी त्याच्याकडे चिठ्ठी दिली की दुपारी तुझ्या हातात.

एकच सांगायचं आहे. तू आणि चांगुणामावशी महिन्याचा बाजार करायला आमच्या मार्टमध्ये येता, ते आता बंद कर. डाळ जुनी असते. गर्दी फार असते, तुझे गुडघे दुखतात. सामान ओढत स्टँडपर्यंत जायचं तुम्हाला जमत नाही. गावातच घ्या, नाहीतर मंगळवार पेठेत जा. तिथे जुने दुकानदार आहेत, निवडून देतात.

बाकी सगळं ठीक. हे टॉवेलच्या कारखान्यात दिवसपाळीला आहेत. मामांना नमस्कार सांग.

तुझी,
प्रियंका

—

वळसंग
९ जानेवारी २०२५

प्रियंका,

आशीर्वाद आहेत, पण ते शेवटी देईन. आधी भांडण.

डाळ जुनी म्हणे! गेल्या महिन्यात मी तुझ्याच मार्टमधली तूरडाळ शिजवली, एका वाफेत गळाली. आणि माझे गुडघे तुला आत्ता आठवले? मी अजून मेंढरांमागे ओढ्यापर्यंत जाऊन येते.

खरं कारण मला कळलं आहे. मागच्या खेपेला आम्ही दोघी तुझ्या काउंटरला लागलो, तेव्हा तू मान वर केली नाहीस. मी 'प्रियंका' म्हणून हाक मारली, तर 'पुढच्या काउंटरला जा' म्हणालीस. मी म्हटलं, पोर कामात आहे. पण जीपमध्ये मी चांगुणाच्या तोंडाकडे बघत होते. तुला लाज वाटली ना आमची? तुझा निळा टी-शर्ट, गळ्यात फोटोचं कार्ड, आणि समोर कपाळभर कुंकवाची आत्या, नऊवारी नेसलेली. तुला लहानपणी खांद्यावर बसवून बिरोबाच्या जत्रेत हिंडवलं, तेव्हा हीच नऊवारी होती.

आता गावातलं दुकान म्हणतेस, तर ऐक. तुला पंचाक्षरीचं दुकान आठवत असेल, कारण गावात दुसरं आहेच कुठलं! तो मला साखरेची पुडी हातात देतो. चांगुणाची पुडी फळीवर ठेवतो. सुटे पैसेही फळीवर. चांगुणा बौद्धवाड्यातली, अंगणवाडीत पोरांना शिजवून घालते, त्याच पोरांत पंचाक्षरीचा नातूही जेवतो. आता कोणी तोंडाने काही म्हणत नाही, सगळे 'या, बसा' करतात. पण ती फळी आहेच. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मला ते दिसलं नाही. गेल्या दिवाळीत दिसलं. त्या दिवसापासून मी त्याची पायरी चढले नाही.

म्हणून आम्ही दोघी जीपला पैसे घालून तुझ्या मार्टला येतो. मंगळवार पेठेतही दुकानदाराच्याच हातून घ्यायचं; मार्टमध्ये आपल्या हाताने उचलायचं, आपल्या हाताने ठेवायचं. ते टुं टुं वाजणारं यंत्र तिचीही पिशवी तशीच वाजवतं आणि माझीही. पहिल्यांदा आलो तेव्हा चांगुणा शेंगदाण्यांपाशी उगीचच उभी राहिली, पाकीट उचलून परत ठेवलं, परत उचललं. तिला काही घ्यायचं नव्हतं. नुसतं हात लावून बघत होती.

तेव्हा आम्ही येणार म्हणजे येणार. तुला लाज वाटत असेल तर डोळे मिटून बिल कर.

आशीर्वाद.
केराबाई

—

सोलापूर
२० जानेवारी २०२५

आत्या,

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेमुळे मार्टला इतकी झुंबड आहे की लिहायला आज वेळ मिळाला. तुझं पत्र वाचून मी मार्टच्या संडासात जाऊन रडले. जेवण सोडलं तर तीच एक जागा आहे जिथे मला बसता येतं.

मला तुझी लाज वाटली नाही. असं पुन्हा लिहिलंस तर मी वळसंगला येऊन भांडेन. तू मला उभी बघू नयेस, एवढंच मला हवं होतं. तुला वाटतं मी काउंटरमागे आरामात यंत्र वाजवते. आत्या, आमच्या काउंटरला स्टूल नाही. पूर्वी होतं. नवीन मालक आल्यावर सगळी स्टुलं उचलून गोडाऊनला टाकली. सकाळी दुकान उघडायच्या आधी उभी राहते ती रात्री शटर पडेपर्यंत. जेवायला बसतो तेवढंच. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. टेकायचंही नाही, वर कॅमेरा आहे. टेकलेलं दिसलं की शहाजी सर माईकवरून नाव घेतात, सगळ्या दुकानाला ऐकू जातं.

शहाजी सर आमचे सुपरवायझर. वाईट माणूस नाही, तोही उभाच असतो, त्याच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी आल्या आहेत. पण त्याला विचारलं की एकच उत्तर, "बसलेली मुलगी बघून कस्टमरला अपमान वाटतो. आपण त्याला मान देतो ना?" म्हणजे तुला मान मिळावा म्हणून मी उभी असते, आत्या. त्या दिवशी तू समोर आलीस, तेव्हा माझे पाय इतके भरून आले होते की मान वर केली असती तर रडू फुटलं असतं.

तुझी स्वस्त डाळ आमच्या पायांतून निघते. म्हणून म्हणते, इथे घेऊ नकोस. चांगुणामावशीचं मला माहीत नव्हतं. त्यांना कुठे जा म्हणून सांगू, ते मला सुचत नाही. पण निदान आपल्या माणसाने तरी इथे पैसे टाकू नयेत.

नवनाथबरोबर थोड्या कोवळ्या चिंचा पाठव. आपल्या बांधावरच्याच.

प्रियंका

—

वळसंग
१२ फेब्रुवारी २०२५

प्रियंका,

उत्तराला उशीर झाला. ज्वारीची काढणी चालू होती आणि रागही आवरायचा होता. लाजेचं लिहिलं ते चुकलं माझं. पाटीवरून पुसतात तसं पुसून टाक.

चिंचा पाठवल्या, मिळाल्या असतील. आणि आता खरं सांग. सोलापुरात दारोदारी चिंचेची झाडं असताना बांधावरची कोवळी चिंच मागवणारी मुलगी कितव्या महिन्यात आहे? पायांना सूज, वर ही चिंच. मी गाभण मेंढीसुद्धा नुसतं चालणं बघून ओळखते, तू तर भाची आहेस.

तुझं पत्र मी चांगुणाला वाचून दाखवलं. मी म्हटलं, संपलं, मार्ट सोडायचं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "सोडा की. मग जायाचं कुटं?"

मी म्हटलं, बघू दुसरं.

"केराबाई, तुमी पंचाक्षरीचं दुकान सोडलं. त्येला काय झालं? तो अजून तसाच हाय. आपुनच जीपला पैसं घालून उनातानात फिरतुया. आता हे बी सोडायचं. त्या पोरीला काय मिळंल? ती हुबीच. आपुन दुकानं सोडत सोडत कुटवर पळायचं?"

मला तिचा राग आला. मी तिच्यासाठी एवढं दुकान सोडलं आणि ही मलाच शहाणपण शिकवते! घरी येऊन मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, बरोबर बोलली. मी दोघांशी दोन दिवस बोलले नाही.

मग रास झाली. तुला आठवतं ना, खळ्यावर कसं असायचं? आता मळणी मशीनवर होते, पोती तिथल्या तिथे भरतात. पण घरात यायचं पहिलं धान्य मी अजून मापानेच घालते. मांडी घालून बसायचं, डोक्यावर पदर, कोणी बोलायचं नाही. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. उभ्याने माप घातलं तर रास आटते, म्हणून तुझा आजा उभ्या माणसाच्या हातून दाणाही घ्यायचा नाही. घाईत कोणी उभ्याने माप उचललं की तो रास सोडून लांब जाऊन बसायचा. मी यंदा 'लाभ' म्हणून पहिलं माप ओतलं आणि हात तसाच राहिला. जी माप घालते ती बसते. आपल्यात पहिल्यापासून असंच आहे. मग माझ्या घरात येणारं धान्य माझी पोर उभ्याने का मोजते?

गिऱ्हाईकाचा अपमान होतो म्हणाला ना तुझा सर? ठीक आहे. गिऱ्हाईक मी आहे.

केराबाई

—

सोलापूर
१५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

काहीही करू नकोस. हात जोडते.

तिसरा महिना आहे. यांना आणि सासूबाईंना माहीत आहे, आता तुला. मार्टमध्ये कोणालाही माहीत नाही, आणि माहीत होता कामा नये. आमच्यात सुकन्या नावाची मुलगी होती. पोट दिसायला लागलं त्या आठवड्यात तिला सांगितलं, "घरी आराम कर, नंतर बघू." नंतर कोणी काही बघितलं नाही. आम्ही सगळ्या कंत्राटी, आम्हाला काढावंही लागत नाही, नुसतं 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं की झालं.

तू म्हणशील, सोड असली नोकरी. सासूबाईही तेच म्हणतात. पण आत्या, मला ही नोकरी आवडते. मला बिल करायला आवडतं. माझा हात सगळ्यांत भरभर चालतो, गर्दीच्या दिवशी शहाजी सर मलाच पहिल्या काउंटरला लावतात. आपल्या घरात स्वतःच्या नावावर पगार येणारी मी पहिली बाई आहे. मला पाय वाचवायचे आहेत, बाळ वाचवायचं आहे, आणि नोकरीही हवी आहे. तिन्ही हवंय. जास्त मागते का मी?

तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून पुन्हा लिहिते, काहीही करू नकोस.

प्रियंका

—

सोलापूर
९ मार्च २०२५

आत्या,

काय केलंस तू!

पत्राला उत्तर नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. काल शनिवार, महिन्याची सुरुवात, पगार झालेले. रांग दारापर्यंत. आणि तू आणि चांगुणामावशी शिगोशीग भरलेली ट्रॉली घेऊन माझ्यासमोर. मी पहिलं पाकीट हातात घेतलं, तर तू माझ्या हातावर हात ठेवलास.

"आदी बस."

मी हळूच म्हटलं, आत्या, नको. तर तू सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्यात हुब्यानं माप घेत न्हाईत. पोरीला बसाया द्या, मगच आमी घिऊ."

शहाजी सर धावत आले. "आजी, तसा नियम नाही. कस्टमरला वाईट वाटतं."

"कस्टमर म्हंजी कोण? मीच की. मला वाईट वाटतंय ती हुबी हाय म्हणून. आता बोला."

मागचा एक जण ओरडला, "ओ मावशी, आमाला टाईम न्हाय, सरका!" तर एक बाई त्याच्यावर उखडली, "तुमी बसून बगा की दिवसभर हुबं राहून!" तिला नक्की काय म्हणायचं होतं कोण जाणे, पण लोक हसले. शहाजी सरांचं तोंड काळंठिक्कर पडलं. चांगुणामावशी एवढंच म्हणाल्या, "न्हाई बसवत? मग न्हाई घेत." आणि तुम्ही दोघी भरलेली ट्रॉली तिथेच सोडून, ताठ मानेने, निघून गेलात.

छान दिसत होतात. खरंच. कीर्ती शेजारच्या काउंटरवरून बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण तुम्ही गेल्यावर काय झालं, ते मी सांगते. ती ट्रॉली कोण रिकामी करतं? आम्हीच. तेल तळाच्या फळीवर, साबण मागच्या रांगेत, गव्हाचं पीठ पार दुसऱ्या टोकाला. तुम्ही ठेवलेली एकेक वस्तू मी वाकून वाकून परत लावली. शिक्षा म्हणून मला एकटीलाच लावायला सांगितलं, कारण शहाजी सरांना कळलं की तू माझी आत्या आहेस. पिठाची पिशवी उचलताना पोटात अशी कळ आली की मी फळी धरून उभी राहिले. आता बरं आहे, डॉक्टरीण म्हणाली काळजी नको. पण तेवढ्या वेळात मी तुला किती शिव्या दिल्या, तुला सांगून सोय नाही.

मला आता काउंटरवरून काढून गोडाऊनला लावलं आहे. तिथेही उभंच.

मी लिहिलं होतं काहीही करू नकोस. हात जोडले होते. माझ्यासाठी करताना मला विचारायचं नसतं का?

प्रियंका

—

वळसंग
१३ मार्च २०२५

प्रियंका,

कालपासून चार वेळा लिहायला बसले. तुझं पत्र वाचून मला घास गेला नाही. तू वाकून पिठाची पिशवी उचलत होतीस आणि मी जीपमध्ये नवनाथला ऐटीत सांगत होते, कशी जिरवली म्हणून. मला माफ कर. तू नाही म्हटलं होतंस, आणि मला माझाच राग मोठा वाटला.

चांगुणा तर डोक्याला हात लावून बसली. "आपुन टाकलेलं पोरीनं उचललं," एवढंच म्हणत राहिली. तिला ते जास्त लागलं. दुसऱ्याचं उचलण्यात तिच्या आयांची हयात गेली आहे.

पण आम्ही नुसत्या रडत बसलो नाही, हेही सांगते. सोमवारी ती उठली आणि थेट पंचाक्षरीच्या दुकानात गेली. मीही मागून गेले, पण या वेळी तिला विचारून गेले. म्हणाली, "या, पर बोलू नगा." तिने मीठ मागितलं. त्याने पुडी फळीवर ठेवली. तिने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. तो म्हणाला, "एन अक्का, काय झालं, घे की." ती म्हणाली, "हातात द्या." तो म्हणाला, असं काही नसतं गं, गर्दी आहे म्हणून ठेवलं. दुकानात आम्ही दोघीच होतो. तिचा हात तसाच. मला बोलायची इतकी उबळ आली की पदराचा बोळा तोंडात घातला. मग त्याने पुडी उचलली आणि तिच्या हातावर ठेवली. तोंड वाकडं करून, पण ठेवली. दुसऱ्या दिवशी ती साखरेला गेली, तर पुन्हा फळीवर. हिने पुन्हा हात पुढे केला. आता रोज जाते. एकदम आठवड्याचं घेत नाही, रोज थोडं थोडं घेते.

आता तुझं. जागा तुझी, नोकरी तुझी, पोट तुझं. तू 'येऊ नका' म्हणशील तर मार्टचं तोंड बघणार नाही. 'या' म्हणशील तर येऊ, आणि घ्यायचं नसेल ते आमच्या हाताने जिथल्या तिथे लावून मगच बाहेर पडू. 'गप्प बस' म्हणशील तर पदराचा बोळा आहेच. मला सवय नाही, पण शिकते आहे.

तू सांगेपर्यंत मी मार्टचा उंबरा ओलांडत नाही.

केराबाई

—

सोलापूर
८ एप्रिल २०२५

आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय सांगू ते ठरत नव्हतं. 'येऊ नका' असं लिहून मी दोनदा पान फाडलं. 'या' लिहून एकदा.

शनिवारी गर्दी फार होती. दोन मुली उन्हामुळे आल्याच नाहीत, म्हणून शहाजी सरांनी मला गोडाऊनमधून परत पहिल्या काउंटरला आणलं. आता माझं पोट टी-शर्टखाली लपत नाही. सगळ्यांना दिसतं आणि सगळे न दिसल्यासारखं करतात. दुपारी पाय इतके ठणकायला लागले की काउंटरची कड धरून मी डोळे मिटले. तेवढ्यात माईकवरून माझं नाव आलं. "काउंटर एक, प्रियंका, टेकू नये."

आत्या, ऐन गर्दीत, सगळ्या दुकानासमोर माझं नाव. आणि मला चांगुणामावशींचा पंचाक्षरीपुढे धरलेला हात दिसला, मी तो बघितलेला नसताना.

मागे दह्याचे रिकामे क्रेट होते. मी एक ओढला, उलटा केला आणि बसले. बसून पुढचं पाकीट यंत्रावर धरलं. हात पहिल्यापेक्षा भरभर चालला. शहाजी सर आले. म्हणाले, "ऊठ." मी म्हटलं, "सर, पाचवा महिना आहे. मी बसूनच बिल करणार. तुम्हाला काढायचं असेल तर ह्या रांगेसमोर काढा. मी स्वतःहून जाणार नाही." एकही शब्द गिळला नाही. मग मी रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे वळले आणि विचारलं, "काका, मी बसले तर तुमचा अपमान होतो का?"

ते गोंधळले. म्हणाले, "व्हय काय? माजा कशाला हुईल? बस की, पोरी." आणि त्यांनी आपलं सामान स्वतःच माझ्यापुढे सरकवलं, म्हणजे मला वाकावं लागू नये. त्यांच्या मागचीनेही तसंच केलं.

मग शेजारून क्रेट ओढल्याचा आवाज आला. कीर्ती बसली. तिच्या पुढची बसली. एकटी एक जण घाबरून उभी राहिली, तिला मी दोष देत नाही. शहाजी सर मध्ये उभे राहून एकदा माझ्याकडे, एकदा वरच्या कॅमेऱ्याकडे बघत होते. मग हातातला माईक त्यांनी बंद केला.

काल मालकांचा माणूस पुण्याहून आला. दोन दिवसांत निर्णय कळवू म्हणाला. सुकन्याचं काय झालं, हे मी त्याला सगळ्या मुलींसमोर विचारलं. तो फोन कानाला लावून बाहेर गेला. निर्णय काय होईल, मला माहीत नाही. आज मात्र आम्ही सगळ्या बसूनच काम केलं, शनिवारी घाबरलेली तीसुद्धा.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस ना, यायचं की नाही? आता सांगते. ये. चांगुणामावशींना घेऊन ये, आणखी कोणी येत असेल तर त्यांनाही आण, अख्खी जीप भरून आण. पहिल्या काउंटरला लाग. त्यांनी मला काढलेलं असेल तर मी मार्टच्या दाराबाहेर फुटपाथवर बसलेली दिसेन, पण दिसेनच. आणि आत असले, तर तुझी डाळ मी मोजेन.

तू समोर आलीस तरी मी उठणार नाही.

प्रियंका